जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण

ओसरीवर ऊन आलं की मी पाट मांडीवर घेऊन लिहायला बसतो. मार्गशीर्षातल्या एका सकाळी असाच बसलो असताना फाटकापाशी मोटारसायकल थांबली आणि मागच्या सीटवरून उतरले मणेराजुरीकडचे एक जुने पक्षकार. त्यांच्या घरातले तीन पिढ्यांचे दस्त माझ्या हातचे. वडिलांच्या वेळचं वाटणीपत्र, यांचं स्वतःचं खरेदीखत, नंतर नातवाच्या नावाचं बक्षीसपत्र. नातू तासगावात बेदाण्याच्या सौद्याला आला होता, तेवढा वेळ आजोबांना माझ्याकडे टेकवून गेला. पाणी पिऊन झालं, यंदाच्या द्राक्षछाटणीचं आणि दावण्या रोगाचं बोलून झालं, मग त्यांची नजर माझ्या मांडीवरच्या कागदांकडे गेली. "कुणाचं लिवायलाय तात्या?" मी म्हटलं, "कुणाचं नाही. माझंच." ते एकदम गप्प झाले. जरा पुढे सरकले, आवाज उतरवला आणि म्हणाले, "मृत्यूपत्र व्हय? तब्येत बरी हाय न्हवं?"

तब्येत उत्तम आहे, असंच लिहितोय, जुनं आठवेल ते, असं मी सांगितलं. "असंच?" त्यांनी तो शब्द दोनदा उच्चारला. मग म्हणाले, "आन् ह्येचं पैसं कोण देतंय?" कुणी नाही म्हटल्यावर त्यांनी मान हलवली. त्यात थट्टा नव्हती, काळजी होती. नातू आला, ते गेले. मी कागद पुढे ओढला पण त्या दिवशी ओळ सरकेना. त्यांचं काय चुकलं होतं? उमेदीची सगळी वर्षं त्यांनी मला नोंदणी कचेरीसमोरच्या टेबलावर लिहितानाच पाहिलेलं. तिथे माझा हात चालायचा तो दुसऱ्या कुणासाठी तरी आणि पानाच्या हिशोबाने. तो माणूस 'माझंच लिहितोय' म्हणाला तर ते मृत्युपत्रच असणार. दस्त लिहिणाऱ्याने स्वतःच्या नावाने लिहावं असं दुसरं असतं तरी काय?

निवृत्त होण्याआधी मी कधी असंच लिहिलं होतं का, हे मला आठवेना.

लिहायला मी मामाच्या हाताखाली शिकलो. लोक मामाला बाँड रायटर म्हणायचे. दस्तलेखक हा शब्द फक्त शिक्क्यावर. कचेरीच्या आवारात कडुलिंबाखाली टेबल, त्यावर पत्र्याची पेटी, पेटीत लेजर पेपर, कार्बन, टाचण्या, शाईचं पॅड आणि अंगठा पुसायला चिंधी. माझं पहिलं काम त्या चिंध्या धुण्याचं. साल १९७२. अंगठ्याची शाई त्या वर्षी वाळायला फुरसत नव्हती. विहिरी तळाला गेलेल्या, माणसं दुष्काळी कामावर खडी फोडायला जात होती, घरात लाल मिलो ज्वारी शिजत होती, शाळेत पोरांना सुकडी मिळत होती, आणि आमच्या टेबलासमोर गहाणखतं आणि मुदतखरेद्या लिहून द्यायला रांग असायची. मुदतखरेदी म्हणजे नावाला खरेदी. ठरल्या मुदतीत पैसे फिटले तर जमीन परत, नाहीतर गेली. माणसं बोलत नसत. टेबलाच्या कडेला बोटं लावून उभी राहत आणि मामा विचारेल तेवढंच सांगत. गट नंबर, आकार म्हणजे शेतसारा, पोटखराबा म्हणजे लागवडीला न येणारी जमीन. मामा लिहिता लिहिता मध्येच मान वर करून विचारायचा, "विहिरीतला हिस्सा धरायचा का सोडायचा?" त्यावर खूप वेळ उत्तर यायचं नाही. कडुलिंबाच्या निंबोळ्या पत्र्याच्या पेटीवर टपटपत असायच्या, तोच काय तो आवाज.

मामाने मला एकच गोष्ट घोटून घोटून शिकवली. दस्त वाचणाऱ्याच्या मनात एकही शंका राहता कामा नये. आज वाचणाऱ्याच्याच नव्हे, पन्नास वर्षांनी कोर्टात वाचणाऱ्याच्याही. म्हणून सगळं ठरलेलं. लिहून देणार कोण, लिहून घेणार कोण, वय, धंदा, राहणार. मग मिळकतीचं वर्णन, मग चतुःसीमा: पूर्वेस अमक्याचा गट, पश्चिमेस ओढा, दक्षिणेस सरकारी रस्ता, उत्तरेस तमक्याची बांधावरची वहिवाट. 'येणेप्रमाणे चतुःसीमापूर्वक मिळकत, त्यातील जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेपासह, जाण्यायेण्याच्या हक्कासह.' मग हमी: कुणी हिलाहरकत केल्यास ती मी पदरखर्चाने निवारीन, तुम्हांस तोशीस लागू देणार नाही. आणि शेवटी, हा दस्त मी राजीखुशीने, अक्कलहुशारीने, कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहून दिला असे. मला हे गद्य मनापासून आवडत असे, आजही आवडतं. त्याला एक चाल आहे. मोठ्याने वाचलं की समजतं. सही न येणाऱ्या माणसाला पूर्ण दस्त वाचून दाखवायचा आणि मगच अंगठा घ्यायचा, हा मामाचा नेम होता. ती माणसं गुडघ्यांवर हात ठेवून, मान खाली घालून ऐकायची. 'तोशीस लागू देणार नाही' इथे आलं की बऱ्याच जणांची मान हलकेच हलायची.

खाडाखोड मात्र चालायची नाही. १९०८च्या नोंदणी कायद्याचं २०वं कलमच त्यासाठी आहे. शब्द खोडला, वर घातला, जागा कोरी सोडली तर त्यावर लिहून देणाऱ्याची सही हवी. म्हणून दस्ताच्या तळाशी आम्ही नोंद करायचो, पान दुसरे, ओळ सातवी, 'दक्षिणेस' हा शब्द वर लिहिला तो बरोबर असे. अशी नोंद करावी लागली की मामा दिवसभर कुणाशी नीट बोलायचा नाही. त्यामुळे पेन कागदाला लागण्याआधी सगळं वाक्य डोक्यात पुरं व्हायला हवं, ही सवय मला लागली. आज लिहिताना तिचा उपयोगही होतो आणि अडचणही.

या सगळ्या पक्क्या बांधणीत एक ओळ मात्र सैल असायची. विक्रीचं कारण. एकत्र कुटुंबाच्या कर्त्याने जमीन विकली तर ती कशासाठी विकली हे दस्तात यावं लागतं, नाहीतर उद्या मुलगा उभा राहून म्हणेल, बापाने उधळली. म्हणून लिहायचं, 'कुटुंबाच्या कायदेशीर गरजेसाठी'. फार तर पुढे दोन-तीन शब्द: मुलीचे लग्न, दवाखाना, विहीर खुदाई, बँकेचे देणे. माझ्यासमोर माणूस ते कारण कधी अर्धा तास सांगायचा, कधी एकाच शब्दात सांगून रस्त्याकडे बघत बसायचा. एकदा एकाने मुलाच्या शिक्षणासाठी असं सांगितलं आणि मुलगा बाजूलाच उभा होता. कोवळा, नवीन चपला घातलेला. मी 'शिक्षणासाठी' लिहिलं तेव्हा त्याने पायांतल्या चपला काढून ठेवल्या आणि दस्त पुरा होईपर्यंत अनवाणी उभा राहिला. का, ते मी विचारलं नाही. आमच्या धंद्यात विचारायचं ते चार गोष्टींचं. बाकीचं टेबलावरून खाली पडलं की पडलं.

२००५ साली वारसा कायदा बदलला. एकत्र कुटुंबाच्या वाडवडिलार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच जन्मतः हक्क मिळाला. कायदा चांगला, उशिरा आलेला पण न्यायाचा. आमच्या टेबलावर तो आला तो मात्र उलट्या तोंडाने, हक्कसोडपत्र होऊन. फेरफारला, म्हणजे जमिनीच्या सरकारी नोंदीत, बहिणींची नावं लागली की भाऊ त्यांना घेऊन येऊ लागले. तासगावच्या गणपतीच्या ऋषिपंचमीच्या रथाला माहेरी आलेल्या बहिणी रथ झाला की दुसऱ्याच दिवशी कचेरीत. अंगावर नवी साडी, ती भावाने घेतलेली. मोबदला काही नाही. दस्तात 'प्रेमापोटी' असं लिहायचं. त्यात खोटं होतं असं मी म्हणणार नाही. प्रेम असायचं. माहेर तुटू नये ही भीतीही असायची, आणि या दोन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या काढणं त्या बायांनाही जमत नव्हतं, मला तर नाहीच.

त्यातल्या एकीची गोष्ट. साठीच्या बाई, हातात काचेच्या बांगड्या, पायाला भेगा. मी सवयीने वाचून दाखवत होतो. 'त्यातील जल, तरू, तृण' इथे आल्यावर त्यांनी हात वर केला. म्हणाल्या, "दादा, त्यात त्ये बांधावरचं आंब्याचं झाड बी आलं का?" मी म्हटलं, आलं. तरू म्हणजे झाड, सगळी झाडं आली. त्या थोडा वेळ थांबल्या. भाऊ मागे उभा होता, तो म्हणाला, "अगं, आंबं तुला धाडीनच की दरसाली." त्या म्हणाल्या, "आंब्याचं न्हाई रं." आणि मग माझ्याकडे बघून, "बरं. लिवा." लिहिलेलं होतंच. मी पुढे वाचलं, त्यांनी अंगठा केला, मी चिंधी पुढे केली. पुढचा पक्षकार येऊन बसलासुद्धा.

'आंब्याचं न्हाई' तर मग कशाचं?

तेव्हा थांबायला वेळ नव्हता. पोटाचा धंदा होता, मागे चार माणसं उभी होती, दोनच्या आत दस्त दुय्यम निबंधकांकडे जायला हवे होते. पण ते झाड माझ्याबरोबर राहिलं. निवृत्त झाल्यावर पहिल्यांदा मी काही लिहिलं ते हेच.

निवृत्त झालो म्हणजे तरी काय, आमच्यात वयाची अट नाही, निरोप समारंभ नाही. धंदाच हळूहळू हातातून निसटत गेला. २००२च्या सुमारास नोंदणी कचेऱ्यांत संगणक आले. त्याआधी मूळ दस्त फोटोसाठी पुण्याला जायचा आणि परत यायला वर्षं लागायची. आता त्याच दिवशी स्कॅन होऊन हातात. लोकांची सोय झाली, ती मी डोळ्यांनी पाहिली. पण त्याचबरोबर दस्त हाताने लिहिण्याची गरजही गेली. संगणकात नमुना तयार, नावं आणि गट नंबर बदलले की झालं. काही वर्षं मी डीटीपीवाल्या पोराशेजारी बसून मजकूर सांगत होतो. ज्या हाताने उभा जन्म लिहिलं तो हात खिशात. मुलाची नोकरी स्थिरावली, माझे गुडघे कुरकुरायला लागले, आणि एका गुढीपाडव्याला मी पत्र्याची पेटी घरी घेऊन आलो. पेटीत लेजर पेपरचा एक अख्खा गठ्ठा शिल्लक होता. जाड, किंचित पिवळसर, हात फिरवला की खरबरीत लागणारा. दस्तासाठी घेतलेला कागद वाया घालवू नये, एवढाच विचार सुरुवातीला होता.

बसलो आणि पहिल्याच ओळीत हाताने लिहिलं, 'सदरहू झाड'. खोडलं. खोडलं आणि दचकलो, खाली नोंद करायला हवी, सही हवी. मग लक्षात आलं की कुणाचीही सही नको आहे. त्या क्षणाचा आनंद मला नीट सांगता येणार नाही. मी मुद्दाम आणखी एक शब्द खोडला. मग एक अख्खी ओळ. मग समासात लिहिलं, वर लिहिलं, बाण काढून पुढचं मागे नेलं. सगळ्या आयुष्यात माझ्या हाताने एवढा गचाळ कागद कधी झाला नव्हता, आणि तो गचाळ कागद मी संध्याकाळपर्यंत पुन्हा पुन्हा काढून बघत होतो.

पण बाई काही कागदावर येईनात. त्यांचं वय, धंदा, राहणार हे येत होतं. आवाज येत नव्हता. मग मी आंबा बाजूला ठेवला आणि मला जे येतं तेच लिहायला घेतलं: आमच्या जुन्या घराची चतुःसीमा. पूर्वेस सार्वजनिक रस्ता. पश्चिमेस तेलाच्या घाण्याची पडकी भिंत. दक्षिणेस चुलत्यांचे राहते घर. उत्तरेस बोळ. दस्त इथे संपला असता. मी पुढे गेलो. पूर्वेच्या रस्त्यावर रथाच्या आदल्या दिवशी सडा पडायचा तेव्हा सगळ्या गल्लीला ओल्या धुळीचा वास यायचा. पश्चिमेच्या भिंतीत पोपटांची ढोली होती आणि घाणा बंद पडून कैक वर्षं झाली तरी पावसाळ्यात त्या भिंतीला करडईच्या तेलाचा वास सुटायचा. दक्षिणेला चुलत्यांचं घर, मध्ये एक दार. वडील आणि चुलते बोलेनासे झाल्यावर त्या दाराला आमच्या बाजूने कडी लागली, पण आई आणि चुलती विटांच्या फटीतून एकमेकींना कढीपत्ता द्यायच्या. उत्तरेचा बोळ इतका अरुंद की त्यात एका वेळी एकच माणूस जाई. बाहत्तर साली पलीकडच्या मावशींनी त्या बोळात उभं राहून माझ्या धाकट्या भावाला रोज अर्धी भाकरी दिली, घरात कुणाला न सांगता. या चार दिशा लिहायला मला पावसाळाभर लागला. पानाला पैसे मिळत होते तेव्हा चार दिशांना चार ओळी पुरत.

इथे मला पैशाबद्दल वाईट बोलायचं नाही. बिनपैशाच्या लिखाणाला शुद्ध म्हणायचं आणि मोलाच्या लिखाणाला हलकं, हे मला पटत नाही. पानाच्या पैशावर आमच्या घरात चूल पेटली, मुलगा शिकला. आणि मोल देऊन लिहून घेतलेलं माणसं जपतात. मी लिहिलेले दस्त लोकांनी ट्रंकेत, देव्हाऱ्यामागे, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवलेत. वकिलांनी त्यातला शब्द न् शब्द उकरून वाचला. मी जाईन त्यानंतरही कुणाचा तरी पणतू दस्ताची नक्कल काढून माझं वाक्य वाचेल. आता जे लिहितो ते कोण वाचणार? मुलगा पुण्याहून आला की चार पानं वाचतो, 'छान आहे बाबा' म्हणतो आणि पुस्तक काढू या म्हणतो. एका प्रकाशकाला विचारून झालं. त्यांनी छपाईचा खर्च आमच्याकडेच मागितला. निवृत्त माणसांची अशी पुष्कळ पुस्तकं मी पंच्याहत्तरीच्या समारंभांत आहेर म्हणून घरी आणली आहेत आणि पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचली आहेत. कुणाची खानदेशातली शाळा, कुणाचं कोयनेच्या धरणावरचं काम. त्यांत कधी कधी एखादं पान असं भेटतं की ते दुसऱ्या कुणाला लिहिताच आलं नसतं. तरीही पैसे भरून छापायला माझं मन घेत नाही. लिहिण्याचे पैसे घेतले तेव्हा मला लाज नव्हती. लिहिण्याचे पैसे द्यायचे ही गोष्ट मात्र गळ्याखाली उतरत नाही.

अशा वेळी मला वरसईचे विष्णुभट गोडसे आठवतात. कर्जबाजारी भिक्षुक माणूस, यज्ञाची दक्षिणा मिळेल म्हणून १८५७ साली उत्तरेकडे निघाला आणि बंडात सापडला. झाशीचा वेढा आतून पाहिला. मिळवलेले पैसे वाटेत लुटले गेले. घरी आली ती आईवडिलांसाठी खांद्यावरून आणलेली गंगेची कावड. पुढे म्हातारपणी, इतिहासकार चिंतामणराव वैद्यांनी आग्रह केला तेव्हा त्यांनी तो प्रवास लिहून काढला. १९०७ साली तो छापून आला तेव्हा ते हयात नव्हते. दक्षिणेचा आकडा आज कुणी विचारत नाही. झाशीच्या विहिरी, बाजार, जळणारी घरं मात्र त्यांच्यामुळे आपल्याला दिसतात. पोटासाठी निघालेल्या माणसाच्या डोळ्यांना वाटेत जे दिसतं त्याचं मोल कुणी ठरवलेलं नसतं, आणि म्हणूनच ते त्याच्यापाशी राहतं. मी काही झाशी पाहिली नाही. कचेरीसमोरचा कडुलिंब पाहिला. पण त्याच्याखाली बसून मीही पोटासाठीच बघत होतो.

एक टोचणी मात्र आहे. जे पाहिलं ते माझं आहे का? माणसं माझ्यासमोर बोलली ती दस्तासाठी. मामाचं सांगणं होतं, टेबलावरचं टेबलावर. गट नंबर सार्वजनिक असतो, कुणीही नक्कल काढू शकतो. पण चपला काढून उभा राहिलेला तो मुलगा कुठल्याच नकलेत नाही, आणि म्हणूनच तो जास्त खाजगी आहे. मी नावं लिहीत नाही. गावं बदलतो, कधी आंब्याची चिंच करतो, नात्यांची अदलाबदल करतो. तरी लिहिताना कधी कधी हात थांबतो. दस्तात लिहून देणाऱ्याची संमती पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत असते. इथे ती मी कुणाकडून घेतलेली नाही. यावर मला अजून मार्ग सापडलेला नाही. फार जड झालं की ते पान मी पेटीत सगळ्यांत खाली ठेवतो, आणि तिथे बरीच पानं झाली आहेत.

ते मणेराजुरीचे आजोबा माघात पुन्हा आले. या वेळी त्यांनीच विचारलं, "वाचा की त्ये असंच." मी त्यांच्या गावाकडच्या एका सामाईक विहिरीचं लिहिलेलं काढलं. चौघांचा हिस्सा, मोट, पाण्याची पाळी, रात्री कंदील घेऊन बारे धरायला, म्हणजे पिकाला पाणी पाजायला, जाणारी माणसं. ते गुडघ्यांवर हात ठेवून मान खाली घालून ऐकत होते, अगदी तसेच. मध्येच म्हणाले, "तवा मोट न्हवती तात्या, इंजान आलतं. आन् इंजान बंद पडलं की सगळी रान सोडून त्येच्याभवती." मी तिथेच खोडलं, वर लिहिलं. "इंजिनाचा आवाज कसा होता?" मी विचारलं. त्यांनी तो काढून दाखवला. मग थंडीतल्या डिझेलच्या वासाचं सांगितलं, पाळीवरून भांडलेल्या दोन भावांचं सांगितलं, आणि एकाचं नाव घेता घेता थांबले. म्हणाले, "ह्ये नगा लिवू." मी पेन खाली ठेवलं. पैशाचं त्यांनी या वेळी काही विचारलं नाही.

वाचून दाखवण्याची सवय घरातही आहे. दुपारी ही मेथी निवडायला बसली की मी वाचतो. हिचं ऐकणं कडक. जिथे मी उगाच गोड झालो असेन तिथे काड्या मोडण्याचा आवाज वाढतो. आंब्याच्या झाडाचं प्रकरण अखेर जमलं असं वाटलं तेव्हा मी तिला ते वाचून दाखवलं. 'आंब्याचं न्हाई रं' इथे आल्यावर तिचा हात थांबला. वाचून झालं तरी ती काही बोलली नाही. मेथी निवडून झाली, काड्या उचलून ती आत गेली. चहा घेऊन बाहेर आली तेव्हा म्हणाली, "आमच्या विहिरीवर कवठाचं झाड होतं."

मला ते माहीत होतं आणि नव्हतं. तिचं हक्कसोडपत्र मीच लिहिलेलं. तिचे दोघे भाऊ आले होते, तीच म्हणाली होती, तुम्हीच लिहा, परक्याकडे कशाला. मी लिहिलं: लिहून देणार, वय, धंदा घरकाम, राहणार तासगाव. इतरांना वाचून दाखवतो तसं तिलाही वाचून दाखवलं होतं. तिला सही येते. तिने ठसठशीत सही केली. भावांनी साडी दिली ती तिने पुढच्या दिवाळीत नेसली. त्या दस्ताबद्दल आम्ही घरात नंतर कधी बोललो नाही. भांडण नव्हतं, अबोलाही नव्हता. विषय संपला होता, नोंदणीकृत झाला होता.

"माझ्या दस्तात होतं का ते कवठ?" तिने विचारलं. मी म्हटलं, होतं. जल, तरू, तृण यात सगळं येतं. तिने चहाचा पेला खाली ठेवला. "सगळ्यात नको," ती म्हणाली. "कवठ म्हणून लिहा."

तेव्हापासून दुपारी ती सांगते आणि मी लिहितो. कवठ खाली पडताना आवाज कसा व्हायचा. कच्चं की पिकलं ते जमिनीवर आपटून कसं ओळखायचे. फुटलेल्या कवठाचा वास, त्यात गूळ घालून केलेली चटणी, ती खाऊन आंबलेले दात. शाळेतून येताना बहिणीबहिणी त्या झाडाखाली दप्तरं टाकून विहिरीत डोकवायच्या आणि स्वतःची नावं घेऊन ओरडायच्या. नावं तशीच ठेवायची असं तिचं म्हणणं आहे. मी म्हटलं, आपण नावं लिहीत नाही. ती म्हणाली, "तुम्ही नसाल लिहीत. हे माझं आहे." धाकट्या भावाचं नावही तिला हवंय, कारण फांदीवर चढायचा तो. मी काही ठिकाणी सुधारायला गेलो की म्हणते, हे तुमचं वाक्य झालं, खोडा. मी खोडतो. लेजर पेपर संपत आलाय, बाजारात तसला आता मिळत नाही, तेव्हा मुलाला पुण्याहून चांगले जाड कागद आणायला सांगितलंय. निदान दोन गठ्ठे लागतील, कारण हिच्या मते आम्ही अजून झाडाच्या एकाच बाजूचं लिहिलंय आणि विहिरीच्या पलीकडच्या अंगाला तर पोचलेलोच नाही.